पुसलेले फोटो आले कुठून?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. आरोपीवर कमी, आमच्याच लोकांवर जास्त.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका ठाण्यात सायबर कक्ष सांभाळत होतो. करोल बागेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मराठवाड्यातली एक मुलगी वडिलांसोबत आली. तिचेच खासगी फोटो तिला पाठवून कोणीतरी 'भेटायला ये, नाहीतर गावात पोचवतो' असं धमकावत होतं. ते फोटो तिने कोणालाही पाठवले नव्हते आणि कधीच पुसून टाकले होते.

ड्युटीवरचा सब-इन्स्पेक्टर हसला. "बेटा, डिलीट कर दिए थे तो आए कहाँ से? किसी को भेजे होंगे, याद करो."

वडिलांनी मान खाली घातली. बाहेर येऊन मला म्हणाले, "साहेब, तक्रार राहू द्या. हिला घरी घेऊन जातो." परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

खरं सांगतो, मलाही ती खोटं बोलतेय असंच वाटलं. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एका पोरीचं शिक्षण असं गुंडाळलं जाताना बघवेना. वडिलांकडून दोन दिवस मागून घेतले.

आमच्या कक्षात हरियाणाची एक महिला हवालदार होती. तिने मुलीला एवढंच विचारलं, लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता का? दिला होता, करोल बागेच्या बाजारातल्या एका दुकानात. हार्ड डिस्क खराब झाली म्हणून सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. मग हवालदारबाईंनी मला समजावलं. नुसत्या फाइली उतरवल्या तर दिसतात तेवढ्याच जातात. पण डिस्कचा अख्खा कप्पा, म्हणजे पार्टिशन, जसाच्या तसा उतरवला तर पुसलेलंही सोबत जातं, कारण त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते जागच्या जागी असतं आणि परत काढता येतं.

त्याच बाजारातल्या एका दुकानदाराकडून खबर मिळाली की तो दुरुस्तीवाला गडी गिऱ्हाइकाची डिस्क दोनदा उतरवतो. साक्षीदार घेऊन दुकानावर गेलो. त्याने कानावर हात ठेवले. म्हणे, फक्त फोल्डर कॉपी केले.

अख्खा कप्पा उतरवायचं काम बहुतेक लिनक्स या संगणक प्रणालीत आज्ञा टाइप करून करतात. बाईंनी त्याला डिवचलं, "रहने दो सर, इसे लिनक्स आता ही नहीं होगा."

गडी चिडला. दुकानातल्या संगणकावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून बसला. पण रोज तेच काम करणारा माणूस लांबलचक आज्ञा पुन्हा टाइप करत नाही. त्याचं बोट सवयीने वरच्या बाणाच्या कळीवर गेलं आणि जुनी आज्ञा पडद्यावर आली. घ्यायचं गिऱ्हाइकाच्या डिस्कवरून, ठेवायचं त्याच्या स्वतःच्या डिस्कवर. फाइलीला नाव कोणा मुलीचं. घाईत त्याने पुन्हा कळ दाबली. दुसरी मुलगी. तिसरं नाव आमच्या मुलीचं होतं.

"हाथ हटा," बाई म्हणाल्या.

डिस्क जप्त करून सीलबंद केली. प्रयोगशाळेला नंतर तिच्यात ते फोटो सापडले, धमक्या त्याच्या फोनमध्ये.

जप्तीच्या दिवशीच वडिलांना बोलावून, त्या सब-इन्स्पेक्टरसमोर सांगितलं की तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. ते रडले. मग तिला म्हणाले, झालं ना आता, चल घरी.

"बाबा, तुम्ही जा. माझी परीक्षा आहे."

या प्रकरणाने मला एकच शिकवलं. तक्रारदाराचं बोलणं अशक्य वाटलं, तर आधी आपल्याला काय ठाऊक नाही ते तपासावं. आमच्या अडाणीपणाला आम्ही तिचं खोटं ठरवलं होतं. दुकानदाराला शिक्षा झाली. आम्हाला कोणी साधा जाबही विचारला नाही.