पिशवी आधी खिडकीतून

कारवारला जायचं आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आम्हाला जायचं होतं कोलव्याच्या समुद्रावर, मडगावपासून जेमतेम अर्ध्या तासावर. मुलाला मडगावात नोकरी लागली म्हणून त्याचं बिऱ्हाड मांडून द्यायला मी मानवतहून निघालो, तर पेडगावची माझी थोरली बहीण, आक्का, "मलाबी ने" म्हणून हटूनच बसली. काचबिंदूनं तिचा डावा डोळा आदल्या वर्षीच गेला होता आणि उजव्यात थेंब चालू होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला होता, "डोळे हायेत तवर एकदा समुद्र दाव." तीस वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला, पण समुद्र मीही पाहिलेला नव्हता. म्हटलं, चल.

मुलगा कामावर गेल्यावर सकाळी आम्ही मडगावच्या स्टँडवर आलो. आक्काला बाकावर बसवलं, "इथून हलायचं न्हाई" असं दोनदा सांगितलं आणि चौकशीला गेलो. परत येऊन बघतो तर आक्का एका गाडीच्या दारात, गर्दीत चेंगरत उभी.

"चढ लवकर. पिशवी टाकून जागा धरलीय," ती ओरडली.

आमच्याकडे एसटी फलाटाला लागली की आधी खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताशी असेल ते सीटवर टाकायचं. गाडी कुठली ते मागाहून विचारायचं. आक्कानं हे जन्मभर केलं होतं आणि परमुलखातही तिला तेच सुचलं. बरं, पिशवी सोडून देण्यासारखीही नव्हती, थेंबांची बाटली तिच्यातच होती. मी माणसं बाजूला सारत त्या सीटपर्यंत पोचलो, पिशवी काखेत मारली, तोवर गाडी स्टँडाबाहेर पडलेली. धरलेल्या जागेवर एक बाई दोन लेकरं घेऊन बसल्या होत्या.

कंडक्टरला विचारलं. म्हणाला, "कारवार."

माझं डोकंच फिरलं. "आक्का, चौथीपर्यंत शिकलीस न? पाटी वाचता येत न्हाई का तुला?"

"घाईत ऱ्हायलं रे."

"मी येईतवर दम निघाला न्हाई?"

 तिनं मग कंडक्टरलाच विचारलं, "दादा, तिथं समुद्र हाय का?" स्टँडापासून जवळच आहे, म्हणाला. आक्का खूश. "मंग हितंच जाऊ की. समुद्र त्यो समुद्र!"

दोन तास उभ्यानं प्रवास. आक्कानं माझ्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरलेली, बाही पार चुरगळली. गोव्याची हद्द संपते तिथल्या नाक्यावर पोलीस दारू शोधायला गाडीत चढले. आमच्या पिशवीत त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या सापडल्या, तरी डबा उघडून वास घेतलाच. पुढं कर्नाटक लागलं आणि दुकानांच्या पाट्या कानडीत सुरू झाल्या.

"काय लिव्हलंय रे?" आक्कानं विचारलं.

"मला काय ठाऊक? कानडीय ते."

"मंग आता आपुन दोघं सारखेच," ती म्हणाली आणि हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

काळी नदीच्या पुलावर उजव्या हाताला समुद्र उघडा पडला. मी तिला ढोसलं, "आक्का, बघ, बघ!" ती भलतीकडंच, डावीकडं मान वळवून बघायला लागली. "तिकडं न्हाई गं, उजवीकडं!" तोवर पूल मागं पडला. कपाळावर हात मारून घेतला मी. एवढ्या लांब हिला आणायचं, आणि हिनं ऐन वेळी दुसरीकडं बघायचं!

कारवारच्या वाळूत एकदाचं तिला नेऊन बसवलं. तर हिनं दशम्या सोडल्या. मला वाढल्या, स्वतः घेतल्या, चपला कुठं ठेवल्यास ते दोनदा विचारलं. ऊन डोक्यावर आलेलं, परतीच्या गाडीची मला घाई.

"आक्का, बघून घे न गं समुद्र. खायला काय, घरीबी मिळतं."

"बघायलेय की." जरा वेळानं म्हणाली, "पल्याडचा काठ किती लांब हाय रे?"

आता मात्र माझा भडका उडाला. "समुद्राचा पल्याडचा काठ दिसतो का कुठं? गोदावरीय का ती?"

"मला काय म्हाईत," आक्का म्हणाली. "मला तर अल्याडचाबी दिसंना."

मी तिला खोदून विचारलं. दिवाळीपासून उजव्या डोळ्यापुढंही सगळं पांढुरकं होत गेलं होतं. माणूस पुढं आलं तर सावलीसारखं कळतं, म्हणाली, बाकी काही नाही. स्टँडवरची गाडी तिनं आवाजावर ओळखली होती.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आणलं असतंस का मला?"

आणलं नसतं. पाटीवरून तिला टाकून बोललो होतो ते आठवलं आणि मला माझीच शरम वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आक्का, लय मोठा हाय गं."

"एवढं मला पेडगावातबी म्हाईत होतं," ती वैतागून म्हणाली. "मास्तर हाईस न तू? नीट बघ आन नीट सांग."

मग मी समुद्राकडं वळलो. वाळूत येऊन अर्धा तास झाला होता आणि चिडचिडीत मीही तो अजून नीट पाहिला नव्हता.