वास नसलेले औषध

शहर तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या कुंपणापर्यंत पोहोचले नव्हते. खिडकीतून करपलेली ज्वारी दिसे आणि तिच्या पलीकडे नव्या प्लॉटांचे चुन्याने आखलेले चौकोन. आम्ही कीटकनाशकाच्या सूक्ष्म थेंबांभोवती पातळ कवच चढवत असू. डोळ्यांना दिसे ते फक्त दुधाळ पाणी. कवचातून औषध हळूहळू झिरपावे आणि दुष्काळात एकच फवारणी बरेच दिवस पुरावी, एवढीच त्यामागची आस.

पहिली बाटली घेऊन मी पाचोडजवळच्या एका शेतावर गेले. शेत एकट्याने कसणाऱ्या बाईंना सारे आक्का म्हणत; मीही म्हणू लागले. त्यांच्या कपाशीवर बोंडअळी दिसू लागली होती आणि टँकरच्या पाण्याचा एकच ड्रम उरला होता. फवारणी फसली असती, तर दुसरीला पाणी नव्हते.

मिसळलेल्या औषधाकडे आक्कांनी नाक नेले. औषधाची पारख तिकडे नाकानेच होई. वास डोक्यात भिनला, तरच औषध खरे.

"ताक आणलंस काय गं, आळ्यांना पाजायला?"

खुरपणाऱ्या बाया खदखदल्या. आक्कांनी जुन्या, उग्र औषधाचा डबा काढला. "झाकणभर टाकते. वास तरी येऊ दे."

त्या डब्यातल्या तेलकट द्रावणाने कवचे विरली असती आणि कित्येक दिवसांचे औषध एका दुपारीच संपले असते. मी त्यांचा हात धरला. कवच, द्रावक, झिरपणे असे भराभर बोलत सुटले. लहानपणापासून कविता पाठ केलेल्या माझ्या जिभेवर त्या बांधावर एकही उपमा येईना.

आक्कांनी शांतपणे ऐकले. "म्हंजी वेलदोड्यावानी? सालीत हाय तवर गप, फोडला की घरभर?"

"व्हय आक्का! अन् आत्ताच फोडला, तर..."

"तर उद्याच्या चहाला काय उरंल?" त्यांनी डबा बाजूला सारला. "पर कपाशी गेली, तर तुझ्या दारात येऊन बसंन. ध्यानात ठेव."

फवारणी झाली. पुढचा आठवडा मला अन्न गोड लागले नाही.

एसटीतून उतरले, तेव्हा आक्का कपाशीतच होत्या. त्यांनी बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवले. आत ओलसर, थंड, पांढरा कापूस. अळीचा मागमूस नव्हता. पानावरची वाळकी अळी त्यांनी काडीने दाखवली. "अजून मरत्यात. रोज थोड्या."

घरी त्यांनी चुलीवर चहा ठेवला, माझ्यासमोर वेलदोडा फोडला. त्या वासाने माझे डोळे भरून आले. मी कपाकडे हात नेला, तोच त्यांनी अडवला आणि घोटाघोटाने जपलेल्या पाण्यातला भरलेला तांब्या माझ्यापुढे केला.

"आधी हात धू, लेकी. वास नसला, तरी औषध हाय ते."