बिनगळाचा मासा

काचीगुड्याच्या मुकुंदराव उमरीकरांना जन्मात कधी कोणाला 'नाही' म्हणता आलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. हैदराबादेत वाढलेला माणूस, 'हो'च्या जागी 'हौ' म्हणणारा. या 'हौ'पायी ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले, शेजाऱ्याचा मोडका कूलर विकत घेऊन बसले, आणि खालच्या मजल्यावरचे रेड्डी तिरुपतीला गेले तेव्हा त्यांचा शिवराळ पोपटही यांनीच सांभाळला. सहकार खात्यात ते सेक्शन ऑफिसर होते. तिथेही लोक त्यांच्याकडे काम घेऊन येत ते उत्तर आधीच माहीत असल्यासारखे.

त्यांची बायको सुमनताई याच्या नेमकी उलट. त्या नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उत्तर बरोबर असलं तरी पुढे 'सेंटिमीटर' लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या. 'साधारण', 'अंदाजे' असले शब्द त्यांच्या घरात नवऱ्यानेसुद्धा जपून वापरायचे. आणि स्वयंपाकघर इतकं कडक, की चातुर्मासात कांद्यालाही दारातून परत पाठवत.

अशा घरात मासा शिरला तो मुलीच्या सासरहून.

मेघना नोकरीसाठी स्वीडनला गेली आणि तिथल्याच एरिकशी तिने लग्न केलं. मुलगा गुणी होता. अडचण होती ती त्याच्या वडिलांची, गुन्नार यांची. बायको गेल्यापासून हे गृहस्थ कोणाशी बोलेनासेच झाले होते. जेवायला बोलवावं तर यायचे, जेवायचे, 'छान होतं' म्हणायचे आणि निघून जायचे. मेघनाला वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे.

"बाबा, ते फक्त बोटीत बोलतात," तिने फोनवर सांगितलं. "स्प्रिंगमध्ये तिकडे पाइक मासे पकडायला जातात. मी त्यांना बोलून बसले की माझ्या बाबांनाही फिशिंगचा शौक आहे. मेमध्ये तुम्ही येताय ना, तर ते तुम्हाला बोटीतून नेणारेत. एरिक बोलतो, आजतक त्यांनी कोणालाच बोलवलं नव्हतं. नक्को बोलू नका बाबा, प्लीज."

मुकुंदराव काय बोलणार? "हौ," म्हणाले.

फोन ठेवल्यावर सुमनताईंनी चष्मा काढला. "व्याह्यांबरोबर जरूर जा. पण एका जिवाला जरी गळ टोचलात, तर माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. तिकडचा नाही आणि इकडचाही नाही."

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात गुन्नारसाहेबांच्या घरातली एक रीत निघाली. सहलीआधी प्रत्येकाने आपलं आमिष स्वतः निवडायचं आणि सगळ्यांना दाखवायचं. माणूस कसा आहे ते त्याच्या आमिषावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. रविवारी व्हिडिओ कॉलवर मुकुंदरावांनी आपलं दाखवायचं ठरलं.

खात्यात आलेला कुठलाही कागद मुकुंदराव आधी पूर्ण वाचत. तसा त्यांनी हा पाइकही वाचून काढला. लांबोडका, बदकासारख्या चोचीचा, तोंडभर दातांचा दांडगा मासा. थंडी सरताना अंडी घालून थकलेला असतो, उथळ पाण्यात गवताच्या आडोशाला पडून राहतो, मागे धावायचा कंटाळा करतो. म्हणून आमिष मोठं, भडक आणि सावकाश डुलत जाणारं हवं. आपल्याकडची मरळही तळ्यातल्या गवतात अशीच दबा धरून बसते, हे वाचून तर त्यांना पाइक थोडा ओळखीचा वाटायला लागला. मग त्यांनी डोकं चालवलं. जे हवं म्हणून लिहिलंय, त्याच्या बरोब्बर उलट घ्यायचं. म्हणजे व्याह्यांबरोबर बसल्यासारखंही होईल आणि मासाही लागणार नाही.

गौलीगुड्याच्या बाजारात मासेमारीच्या सामानाचं एक बोळकांडीएवढं दुकान आहे. मालक सत्तारभाई चहा पीत बसले होते.

"कौनसी मछली पकडना है साब?"

"पकडना नक्को," मुकुंदराव इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले. "ऐसा दो, जिसको मछली लगतीच नहीं."

सत्तारभाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत एकदम प्रामाणिकपणा दाटून आला. "उसमें ढूँढना क्या है साब? मेरे पास सब वैसेइच हैं. बोलके कोई नहीं लेता, बस."

त्यांनी काउंटरवर ढीग ओतला. रबरी बेडूक, लाकडी मासे, शेपटी हलवणारे जेलीसारखे प्रकार, आणि चमचे. खरंच चमचे, दांडा तोडलेल्या चमच्यासारखे धातूचे चकाकते पत्रे. चमच्याला मोठे मासे फसतात यात मुकुंदरावांना काही नवल वाटलं नाही. सरकारी नोकरीत त्यांनी हेच पाहिलं होतं. उलटं निवडायचं म्हणून त्यांनी एक बारकं, मातकट किडूक उचललं आणि लगेच खाली ठेवलं. हे व्याह्यांना दाखवायचं? माणूस आमिषावरून कळतो म्हणे! मुलीकडच्यांनी अशी लाज काढून घ्यायची?

तेव्हा त्यांना आहेराची साडी आठवली. लग्नात व्याह्यांकडे जाणारी साडी दिसायला भारी हवी. ती नेसली जावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्यांनी सगळ्यांत झगझगीत चमचा निवडला, पिवळाधमक, त्यावर तांबडे ठिपके. पाइकच्या दातांना पुरून उरेल अशी पोलादी तार घेतली, एक स्वस्तातली काठी घेतली. घरी येऊन पक्कड काढली आणि चमच्याखाली लोंबणारा तीन तोंडांचा गळ काढून टाकला.

नवी वस्तू घरात आली म्हणून सुमनताई सवयीने हळदकुंकू घेऊन आल्या. वस्तू कसली आहे ते लक्षात आल्यावर बोट मागे घेतलं. मग गळ नाही असं पाहून, थोडा विचार करून, टेकवलं.

पण नावेत बसून काठी तरी नीट फिरवता यायला हवी. शनिवारी सकाळी मुकुंदराव रिंग रोडपलीकडच्या एका तळ्यावर सरावाला निघाले. सुमनताई पुऱ्यांचा डबा घेऊन बरोबर. "तुम्हाला एकट्याला सोडलं तर कोणाला तरी हौ म्हणून टोपलीभर मासे घेऊन याल," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्यांदा चमचा बाभळीत अडकला. दुसऱ्यांदा मुकुंदरावांच्या टोपीत. सुमनताई दगडावर बसून कोन किती चुकला ते सांगत होत्या. हळूहळू जमायला लागलं. चमचा लांब गवताच्या कडेला पडू लागला आणि डुलत, चमकत परत येऊ लागला. मुकुंदरावांना बरं वाटलं. पाप नाही, पुण्य नाही, नुसती हवा.

आणि मग पाणी फुटलं.

गवतातून काहीतरी काळं सुसाटत आलं आणि काठी त्यांच्या हातात वाकली. असा झटका त्यांना जन्मात बसला नव्हता. मनगटातून निघाला तो थेट छातीत गेला. त्यांना शाकाहार आठवला नाही, व्याही आठवले नाहीत, स्वतःचं वयही आठवलं नाही. मागून कोणीतरी किंचाळत होतं, "ओढा! अहो, ओढा ना! काय बघत बसलात!"

त्या सुमनताई होत्या. पुऱ्यांचा डबा पायापाशी उपडा.

मरळीने एकदा पाण्याबाहेर अंग दाखवलं, चमच्याची चव पाहिली आणि दिला सोडून. दोरी सैल पडली.

"गेली," मुकुंदराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडलेला होता, की त्यांनाच शरम वाटली. परतीच्या टॅक्सीत दोघंही खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर सुमनताईंनी रोजच्यासारखी कोशिंबीर केली आणि मीठ घालायला विसरल्या.

रविवारी कॉल लागला. एका चौकटीत मेघना आणि एरिक अवघडून बसलेले, दुसऱ्या चौकटीत गुन्नार. पांढरी दाढी, निळे डोळे, तोंड बंद. मुकुंदरावांचा बेत असा, की चमचा मुठीत धरून वरचा रंग तेवढा दाखवायचा. त्यांनी दाखवला. गुन्नार पुढे वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "सुंदर आहे. पण गळ कुठाय?"

मेघनाचा चेहरा उतरला. 'हौ' म्हणून सुटता येईल असा हा प्रश्न नव्हता. 'अजून लावायचाय' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण जे तोंड आयुष्यभर नको तिथे उघडलं, ते या वेळी वेगळंच बोलून गेलं.

"गळ लावणार नाही," मुकुंदराव म्हणाले. त्यांचे कान तापले. "आमच्याकडे जिवाला इजा करत नाहीत. मला मासेमारी येतही नाही. मुलीने तुमच्या मायेपोटी खोटं सांगितलं. मला तुमच्या नावेत बसायचं होतं, म्हणून मी हौ म्हटलं."

स्वीडनमधलं कुठलंसं घड्याळ काचीगुड्यात ऐकू येत होतं.

"असाच टाकून पाहिलात?" गुन्नारांनी विचारलं.

"काल. एका तळ्यात."

"काही आलं?"

मग मुकुंदराव सांगायला लागले. मरळ म्हणजे काय इथपासून सुरुवात केली ती झटक्यापर्यंत आले, तो छातीत कसा गेला ते सांगताना खुर्चीवरून उठले.

"कुठून आला? उघड्या पाण्यातून?"

"गवतातून," उत्तर मागून आलं. सुमनताई हात पुसत कॅमेऱ्यासमोर आल्या. "डावीकडून. मी पाहिलंय."

"मग ओढ तेवढी मिळाली तुम्हाला," गुन्नार म्हणाले. "खरं तेवढंच असतं. पुढचं सगळं नुसतं हात ओले करणं. केवढा होता?"

मुकुंदरावांनी दोन्ही हात समोर धरले. मनगटापासून कोपरापर्यंत, जेवढा होता तेवढा. सुमनताईंनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि चांगली ऐसपैस फाकवली.

"साठ," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या गणितात राहून गेलेलं काही लगेच जोडलं, "सेंटिमीटर."

मुकुंदराव हात तसेच धरून बायकोकडे बघत राहिले. गुन्नारांची दाढी हलायला लागली, खांदे हलायला लागले. आधी मेघनाला वाटलं त्यांना ठसका लागला. सासऱ्याला हसताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि ते जरा जास्तच वेळ पुसत राहिले. "यांनाही नावेत घेऊन या," ते म्हणाले. "माझ्याकडे मासे माझी बायको मोजायची. ती पण अशीच मोजायची."

सुमनताईंनी पदर सारखा केला. मराठीतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मेघना, तिकडे पाण्यावर थंडी असेल ना गं? स्वेटर कुठला आणू?"