बारावं घराणं

१४ डिसेंबर, रविवार. सकाळचं आवरून मी पत्ते कापायला बसले. छापखान्यातून जाड कागदाचे मोठे ताव आले होते. कापणारा माणूस सुट्टीवर गेला म्हणून त्यांनी तसेच देऊन टाकले. मग हॉलमध्ये सतरंजी टाकली, कात्री आणि स्टीलची पट्टी घेतली आणि आम्ही मायलेकी कामाला लागलो. पाच संच कापायचे होते.

माझी मुलगी जालन्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून एल्फांचा एक पत्त्यांचा खेळ तयार केला. एल्फ म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टोकदार कानांची, जंगलात राहणारी, हजार-हजार वर्षं जगणारी माणसं, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, यक्ष का? तर म्हणाली, "न्हाई गं आई, यक्ष वेगळे." वेगळे कसे ते तिलाही सांगता आलं नाही.

खेळात बारा घराणी होती आणि बारा आडनावं हवी होती. तिने इंटरनेटवरून पद्धत शिकून यादी केली होती. एक शब्द निसर्गातला घ्यायचा, एक चमकणारा घ्यायचा आणि जोडायचे. रजतपर्ण, चंद्रवेल, तारकावन, नीलमेघ. मी भाकरी थापत होते. तिने यादी वाचून दाखवली.

"ही आडनावं आहेत की मंगल कार्यालयांची नावं?" मी विचारलं.

"एल्फांची नावं सुंदरच असतात."

"असू देत. पण बाराच्या बारा घराण्यांत एकाचंही काही चुकलं नाही का हजार वर्षांत?"

"मंग तूच सांग ना!"

मी सांगितलं. आडनाव माणूस स्वतः ठेवत नाही, शेजारी ठेवतात, आणि शेजारी काही कौतुकाने ठेवत नसतात. हे मला दोन ठिकाणी कळलेलं आहे. एक म्हणजे कामावर. एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्यात मी वीस वर्षं सुपरवायझर आहे. प्रत्येक लॉटला नंबर असतो, पण तो कागदावर. पाखडणाऱ्या बायकांच्या तोंडी त्याला वेगळं नाव असतं: भिजका, किडका, त्या भांडणाच्या दिवशीचा. नंबर आठवड्यात विसरतात, नाव नाही विसरत.

दुसरं ठिकाण माझं माहेर, घनसावंगी तालुक्यातलं. गावात निम्म्याहून जास्त घरांचं आडनाव एकच, आमचंच. नुसतं आडनाव सांगून पोस्टमनला घर सापडायचं नाही. म्हणून गावाने प्रत्येक घराला दुसरं नाव दिलेलं होतं. ते सातबाऱ्यावर नसतं, रेशनकार्डावर नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं. आम्हाला झोपे म्हणायचे. चोरांनी बैल सोडून नेले आणि पणजोबा अंगणातल्या बाजेवर घोरत पडले होते, म्हणून.

तर त्या पद्धतीने मी एल्फांची आडनावं पाडायला बसले. एका संध्याकाळी चार नावं झाली. पवित्र झाडावरचं मोहोळ तोडून सगळ्या जंगलाला डंख बसवले ते मोहोळतोडे. सगळी वस्ती नव्या जंगलाकडे निघाली तेव्हा अर्ध्या वाटेवरून मागे फिरले ते उलटवाटे. नदीवरून भांडण झालं आणि तेव्हापासून फक्त दव गोळा करून पितात ते दवझेले. स्वतःच्या झाडाची पानं रोज मोजतात ते पानमोजे. मुलगी खूश. मैत्रिणींना फोन करून वाचून दाखवायला लागली. मलाही चढलं होतं, हे कबूल करते. कारखान्यात मी हजेरी आणि ओलाव्याचे आकडे लिहिते. कुणी माझ्या सुचण्याला दाद द्यावी असा प्रसंग येत नाही.

मुलीने एक शंका काढली. "आई, एल्फ हजार वर्षं जगतात. म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तो अजून जिवंतच असणार."

"मग बरंय की. त्यालाच विचारता येईल काय झालं होतं ते."

अकरा नावं मी अशी मोडून-जोडून केली. बारावं सुचेना. खेळात एक असं घराणं हवं होतं की ज्याला कुणी मदत करत नाही. मी गावातलं एक नाव जसंच्या तसं उचललं. कवाडलावे.

गावात म्हणतात, गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा सगळं गाव उंचावरच्या एका घराकडे धावलं. त्या घरच्या म्हाताऱ्याने आतून कवाड लावून घेतलं आणि काही केल्या उघडलं नाही. लोकांनी ती वेळ मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर काढली. तेव्हापासून ते घर कवाडलाव्यांचं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. पाठीमागे सगळे म्हणायचे.

मी पत्त्यावर लिहून दिलं: 'कवाडलावे. महापुरात यांनी आपल्या झाडाचं दार लावून घेतलं. यांच्या दारी कुणी पाणी पीत नाही. हा पत्ता ज्याला येईल त्याला कुणी मदत करायची नाही.' मुलीने विचारलं, हेही तूच बनवलंस? मी हो म्हटलं. जाऊ द्या, लवकर काम संपत होतं.

रविवारी आम्ही पत्ते कापत होतो तेव्हा मुलगी म्हणाली, "मामीची पोरगी आठ दिवस झाले कॉलेजला येत न्हाई."

मामी म्हणजे माझी वहिनी. सख्खी नव्हे, गावच्या नात्याने. आम्ही एका वयाच्या. ती लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि दोन वर्षं आम्ही रोज पाण्याला बरोबर गेलो. आता ते लोक बदनापूरला असतात आणि तिची मुलगी रेल्वेने जालन्याला येऊन-जाऊन माझ्या मुलीच्याच वर्गात शिकते. वहिनी ज्या घरात आली होती ते घर कवाडलाव्यांचं.

"का येत नाही?" मी विचारलं.

"आम्ही हातानं लिव्हलेल्या पहिल्या संचानं खेळत होतो ना, तर तिला नेमका तो पत्ता आला. तिकडच्याच गावचा एक पोरगा हाय वर्गात. तो म्हणला, अरे, हे तर खरंच हायेत, हिचंच घर! मंग सगळे तिला कवाडलावे म्हणून राह्यले. मजेत. कुणी डबा उघडला की म्हणतात, हिला देऊ नका रे, नियम हाय."

"तू काय केलंस?"

ती कात्री चालवत राहिली. "एकदा मी बी म्हणलं. मला वाटलं तू बनवलेलं नाव हाय. योगायोग असंल." मग मान वर करून म्हणाली, "आई, खरं होतं का ते?"

मी म्हटलं, हो.

मला वाटलं होतं ती चिडेल. ती उठून पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन बसली. मी पाचही संचांतले ते पत्ते काढून वेगळे केले आणि म्हटलं, "नाव बदलून टाकू. दुसरं देते मी."

"बदलून काय होतंय आता? पाठ झालं सगळ्यांना."

तिला ठाऊक नव्हतं ते असं की मी नुसतं नाव उचललं नव्हतं. मला खरी हकिकत माहीत होती. लग्नानंतरच्या वर्षी वहिनीला पाणवठ्यावर कुणीतरी ते नाव ऐकवलं आणि ती घरी जाऊन रडली. पुढे बाळंतपणात तिच्या सासूने तिला सांगितलं आणि तिने मला. पुराच्या वेळी त्या घरात पटकी होती. दोन लेकरं उलट्या-जुलाबांनी आत पडलेली. म्हाताऱ्याने कवाड लावलं ते लोक आत आले तर मरतील म्हणून. आणि पटकी म्हणून तोंडातून काढलं असतं तर घराला वाळीत टाकलं असतं, विहीर बंद केली असती. म्हणून तो कवाडामागून नुसता "दुसरीकडं जा" म्हणून ओरडत राहिला. दोन्ही लेकरं गेली. नाव मात्र राहिलं.

"कुणाला सांगू नका ताई," असं वहिनी म्हणाली होती. मी तीस वर्षं नाही सांगितलं. त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण पत्त्यावर लिहायची वेळ आली तेव्हा खरी हकिकत खेळात बसत नव्हती आणि खोटी झकास बसत होती. मी दोन मिनिटंही विचार केला नाही. गाव सोडून ते लोक बदनापूरला का गेले, तर पोरांच्या कानावर ते नाव पडू नये म्हणून, हेसुद्धा मला माहीत होतं.

दुपारी मी वहिनीला फोन लावला.

"ताई! बऱ्या हाव का?" तिचा आवाज नेहमीसारखाच. थंडी, तूर, गुडघे सगळं झालं. मग मी तिच्या मुलीचं विचारलं.

"ती? निजली. ताप न्हाई, काई न्हाई, कॉलेजला जायचंच न्हाई म्हणून राह्यली. प्रॅक्टिकल आलं तोंडावर. बाप म्हणतो दुसरीकडं नाव घालू, आता मधीच कोण घेतंय सांगा बरं." मग आवाज खाली करून म्हणाली, "त्या पोरींच्या पत्त्यांमधी आपलं ते नाव निघालं म्हणं. पत्त्यात कसं निघंल? कुणी तरी सांगितलंच असंल. ज्यानं सांगितलं त्याला काय भेटलं म्हणते मी. तुमच्या पोरीला विचारा की ताई, ती हाय त्या खेळात."

"विचारते," मी म्हटलं.

आणि फोन ठेवला. कामावर कुणी लॉटची चूक दुसऱ्याच्या नावावर ढकलली तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं करते. इथे मी "विचारते" म्हणाले होते. माझी मुलगी समोर बसून ऐकत होती. तिने उरलेले ताव गुंडाळून कपाटावर ठेवले. मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. माझ्या मनात जे येत होतं ते लिहिते: वहिनीला कळणार कसं? पोरींनी कुणाचं नाव घेतलं नाही. महिन्याभरात वर्ग दुसरं काहीतरी धरेल. असा हिशेब मी अंधार पडेपर्यंत करत होते, आणि तो जमत होता, म्हणून मला स्वतःची जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात फोन करून दुपारून येते म्हणून कळवलं आणि बदनापूरला गेले. वहिनी ओसरीत मेथी निवडत बसली होती. मला बघून उठायला लागली.

"बसा. चहा नको," मी म्हटलं. "ते नाव मी घातलं पत्त्यात. गोष्टही मीच लिहिली."

तिचे हात थांबले.

"पोरीनं विचारलं असंल तुम्हाला, तुम्ही चुकून..."

"चुकून नाही. मला एक वाईट घराणं पाहिजे होतं."

"ताई, ते पटकीचं मी तुम्हाला का सांगितलं होतं म्हाइत हाय?" ती म्हणाली. "गावात एका तरी माणसानं आपल्याला बरं समजावं म्हून." मग आत तोंड करून तिने मुलीला हाक मारली. "आत्या आल्यात. ये इकडं." आणि मला म्हणाली, "मी न्हाई सांगणार. मी सांगितलं तर आई म्हून बाजू घेते म्हणंल. तुम्हीच सांगा. सगळं."

मुलगी दारात येऊन उभी राहिली, अंगावर शाल, केस विंचरलेले नव्हते. मी सगळं सांगितलं. म्हातारा, पटकी, दोन लेकरं, आणि मी.

"म्हणजे तुम्हाला म्हाइत होतं, आत्या?"

"होतं."

"मंग पत्त्यावर खोटं का लिव्हलं?"

"खेळ चांगला होत होता."

तिच्या आईने मेथी पुन्हा निवडायला घेतली होती.

"हे वर्गात येऊन सांगताल का?" ती म्हणाली. "असंच. तुमच्या तोंडानं."

मी वहिनीकडे पाहिलं. ही तिची गोष्ट होती, माझी नव्हे.

"सांगा की," वहिनी म्हणाली. "पटकीचं बी सांगा. आता कोण आम्हाला वाळीत टाकतंय."

मुलगी आत जाऊन तयार होऊन आली. वहिनीने तिच्या डब्यात भाजी-पोळी भरली. मला काही दिलं नाही, बसा म्हणाली नाही, पण फाटकापर्यंत आली. आम्ही दोघी स्टेशनवर गेलो आणि पुढच्या पॅसेंजरने जालन्याला निघालो. गाडीचा डबा रिकामाच होता. ती माझ्यापासून दोन बाकं सोडून बसली, आणि मी तिथेच बसून वर्गात पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते ठरवत राहिले.