गुवाहाटी ते नागपूर, आणि पुढे आमचं गाव

गुवाहाटीच्या कॉलेजात एम.एस्सी.ला नंबर लागला, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "किती दूर हाय?" आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परवानगी या उत्तरावरच अडली होती.

मी मोबाइलवर गुवाहाटी आणि नागपूरच्या विमानतळांमधलं अंतर मोजलं. नकाशावर सरळ रेघ उमटली. "विमानानं सकाळी निघाली की दुपारी नागपूर," मी म्हणाले.

बाबांनी रेघेकडे पाहिलंच नाही. "मी मेलो त मातीले पोहचशीन का, ते सांग."

आमच्या गावात माती दिवस मावळायच्या आत करतात. लेकीचं अंतरही त्यावरच मोजतात. हो म्हणणं सोपं होतं. पण नागपूरहून चंद्रपूर, तिथून मुलचेऱ्याची बस, आणि पुढे आमचं गाव.

"नाई पोहचणार बाबा," मी म्हणाले. "दुसरा दिवस उजाडन."

आई चुलीपासून न वळता म्हणाली, "त दुसऱ्या दिवशी करू. तवापर्यंत कुठी पळून जाते का हा मानूस?"



"मंग बर्फ आनावा लागन," बाबा म्हणाले. "तुह्या भावाले सांगून ठेवजो. अन् तिकीट काढ."