प्रत्येक कामाला पर्यायी माणूस

बाबा वारले त्या सकाळी मी घरात आधुनिक व्यवस्थापन लागू केले.

(इतरांच्या घरी अशा वेळी रडतात. आमच्याकडेही रडत होते. पण ते काम मी कोणाला नेमून दिलेले नव्हते.)

त्याचे असे झाले. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो, तिथे नुकतेच आम्हा कनिष्ठ अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे धडे देण्यात आले होते. शिकवायला आलेले टायवाले गृहस्थ म्हणाले होते, "कुठलंही काम एका माणसावर सोडू नका. पर्यायी माणूस तयार ठेवा. आणि दोघांना एकमेकांबद्दल सांगू नका, नाहीतर दोघंही ढिले पडतात." त्याच सुमारास कंपनीने मला पेजर दिला होता. कमरेला पेजर आणि डोक्यात हे शास्त्र, अशा अवस्थेत मला पितृशोक झाला.

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, बाहेरच्या खोलीत बाबांना ठेवले होते. आई उशाशी बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, "आक्का आल्याशिवाय यांना हलवायचं नाही. तिला तोंड बघू दे."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आजारपणात बाबा तिचेच नाव घेत होते. शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप गेल्यावर ती मनमाडहून निघाली होती आणि दुपारी कल्याणला उतरणार होती. दिवस उन्हाळ्याचे. म्हणजे बर्फ हवा, विधीसाठी बौद्धाचार्य हवेत, आणि आक्काला कल्याणहून घेऊन यायला कोणीतरी हवे. मी प्रत्येक कामावर दोन दोन माणसे लावली, एकमेकांच्या नकळत.

उल्हासनगरहून बर्फाचा टेंपो आला. लाद्या लावून होतात न होतात तोच दुसरा आला.

"साब, बरफ किधर उतारूं?" ड्रायव्हरने विचारले.

"बर्फ आलाय, भाऊ."

"पर ऑर्डर तो दो लोगों ने दिया. दोनों बोले अर्जंट." मग त्याचे लक्ष दाराबाहेरच्या चपलांकडे गेले. त्याने आवाज खाली आणला. "घर में दो गये क्या, साईं?"

मी एकच गेल्याचे सांगितले. त्याने हात जोडले आणि लाद्या जिन्यात उतरवून तो गेला. थोड्या वेळाने जिन्यावरून ओहोळ वाहू लागला. भेटायला येणारी माणसे पँटी वर धरून येत होती, त्यामुळे ती शोकापेक्षा सावधगिरीने चालल्यासारखी दिसत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पायरीखाली बादली लावली. (नळाला पाणी नव्हते. त्यांना मी दोष देत नाही.)

मग एक बौद्धाचार्य अंबरनाथ पूर्वेहून आले आणि दुसरे कुळगावहून. दोघेही भले गृहस्थ.

"आपण ज्येष्ठ. आपण सुरुवात करावी."

"छे छे, आपण आधी आलात."

"आधी आलो म्हणून काय झालं?"

हे इतका वेळ चालले की आईने तोंडावरचा पदर बाजूला करून मला विचारले, "भांडतायत का रे?"

एवढ्यात पेजर वाजला. सगळ्या खोलीने माझ्या कमरेकडे पाहिले. निरोप माझ्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा, प्रकाशचा होता: आक्का विलासबरोबर येत आहे. विलास माझा चुलतभाऊ. लगेच दुसरा निरोप आला, विलासचा: आक्का प्रकाशबरोबर येत आहे. मला धन्य वाटले. मी आईला म्हणालो, "आक्का निघाली. दोन्हीकडून पक्कं झालंय."

शेजारचे मोरेकाका म्हणाले, "दोन्हीकडून म्हणजे? ती एकच आहे ना?"

त्यांना शास्त्र माहीत नव्हते.

तासाभराने विलास आला. एकटा.

"आक्का कुठाय?"

"प्रकाशबरोबर. तुझा मेहुणा उभा होता की स्टेशनात. तुझा आमच्यावर भरवसा नाही, मग मी कशाला तिष्ठत बसू? तुला कळवलं नि आलो."

त्याचे बोलणे संपायच्या आत प्रकाश आला. तोही एकटा. "विलासराव होते तिथे," तो नम्रपणे म्हणाला. "म्हटलं, घरचा माणूस आलाय, आपण मध्ये कशाला पडा."

पेजरवर निरोप येतो, पण उलट काही विचारता येत नाही. कंपनीने मला ते सांगितले होते.

"ऊन उतरायला लागलं," मोरेकाका हळूच म्हणाले. "अंधाराच्या आत न्यायला हवं. किती थांबायचं?"

"बर्फ भरपूर आहे," मी म्हणालो. खात्रीने सांगण्यासारखे माझ्याकडे तेवढेच होते.

 आईने माझ्याकडे पाहिले, आणि आक्काला बाबांचे तोंड दिसणार नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरे वाटले. कल्याणला स्वतः जावे म्हणून मी चपला घातल्या. त्या ओल्या होत्या आणि माझ्या नव्हत्या.

जिन्यात कोणीतरी सावकाश चढत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने उचललेल्या निऱ्या. आक्का.

"कशी आलीस?"

"कशी म्हणजे? उतरले, कोणी दिसलं नाही, आले विचारत विचारत. हा काय चिखल केलाय?"

ती आत गेली. बाबांजवळ बसून तिने पदराने त्यांच्या कपाळावरचे पाणी टिपले आणि गालावर हात ठेवला. "किती गार झालेत," ती म्हणाली. तेव्हा आईला पहिल्यांदा मोठ्याने रडू फुटले. मला मात्र आले नाही. मी अजून कामावर होतो.

आक्का उठली. "गुरुजी, तुम्ही सुरुवात करा. तुम्ही त्यांच्यामागून म्हणा. विलास, प्रकाश, तुम्ही पाठीमागून धरायचं. दोघांनी." वंदना झाली. तिरडी उचलली. पुढच्या बाजूला मोरेकाका आणि मी.

बाबा उंच होते. आक्का त्यांच्यावर गेली, मी आईवर. त्यामुळे माझा कोपरा खाली गेला आणि निसरड्या जिन्याच्या तोंडाशी बाबा माझ्याकडे कलू लागले.

"थांबा," आक्का म्हणाली. "तू सरक."

तिने पदर खोचला आणि माझ्या जागी खांदा दिला. तिरडी सरळ झाली. त्या दिवसभरात योग्य कामावर योग्य माणूस लागला तो तेव्हाच, आणि त्यासाठी फक्त मला काढावे लागले.