रादिसावचा उपास आणि चमचाभर गोड

रादिसावला मुलीच्या लग्नात कोलो नाचात अगदी पुढे राहायचं होतं. हातात हात गुंफून धरलेली ती साखळी बापानं नाही ओढली, तर आमच्या मोरावा नदीकाठी लोक वर्षभर चघळतात. पण वजन एवढं, की दोन फेऱ्यांत गुडघा संपावर. म्हणून गड्यानं उपास धरला. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, बाकी वेळ पाणी आणि बिनसाखरेची कॉफी.

गावची बस बंद पाडायला निघालेल्यांविरुद्ध मी लोक जमवत होते. रादिसाव माझा भोंगा. रोज सकाळी आम्ही दोघं दारोदार.

महिना झाला, वजनकाटा ढिम्म.

"पेर्सिदा, हा चोरून खातो का गं?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात आहे. घरात नाही खात."

"मग बाहेर खात असणार."

"बाहेर तो तुझ्यासोबत असतो, दारिंका!"

माझं डोकंच सणकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नजर ठेवली. म्हातारी स्तोयांका ट्रे घेऊन आली. पाकात मुरवलेले आलूबुखार, चमचा, पाण्याचा ग्लास. घरात पाऊल टाकलं की चमचाभर घ्यायचंच, ही आमची रीत. रादिसावनं शिगोशीग भरून घेतलं. पुढच्या घरी गुलाबपाकळ्या, त्यापुढे स्ट्रॉबेरी. गल्लीत मी त्याचं मनगट धरलं.

"हा तुझा उपास?"

"अगं, हे कुठे खाणं? हे स्वागत! रामराम कुणी मोजतं का?"

"रामराम पोटात जात नाही, गाढवा!"

"मग स्तोयांकाला नाही म्हणू? मेली तरी बोलणार नाही माझ्याशी. आणि तू काय गिळत होतीस, हवा?"

चमचे मीही चाटूनपुसून घेतले होते.

माझा बेत बदललेला मला खपत नाही. तरी फेरी दुपारवर नेली, म्हणजे चमचे बारानंतरच पोटात जातील. स्तोयांका झोपमोड झाली म्हणून सपाता घालून शिव्या देत आली, पण ट्रे घेऊनच. पेर्सिदानं दुपारच्या जेवणातला केक बंद केला. "तुझं गोड आता गावाकडे," म्हणाली. हळूहळू काटा हलला. आमची आरडाओरड ऐकून बसही टिकली.

लग्नाला वऱ्हाड त्याच बसनं उतरलं. रादिसाव रुमाल फिरवत पुढे, गुडघा गप्प. मीही साखळीत होते. तिसऱ्या फेरीला मला धाप लागली, बाकावर कोसळले. तो वळसा घालून समोर आला नि सगळ्यांदेखत ओरडला,

"काय पुढारीणबाई, उद्यापासून तूही बारानंतरच खाणार ना?"